मागच्या व्हरांड्यातलं क्रेम कॅरमेल

आमच्या घरात अंडं मागच्या व्हरांड्यात शिजतं. तिथे त्याची वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा चमचा. नियम सासूबाईंचा, आणि इथे हिंदी मुलखात, दीक्षितपुऱ्यातल्या या घरात, त्यांचा शब्द अजून चालतो. त्याबद्दल माझं भांडण नाही. दुखणं वेगळंच आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या हातच्या एकाही पदार्थाला त्यांनी "छान" म्हटलेलं नाही. फार झालं तर "चालेल". माझे केस पिकले, मुलगा नोकरीला लागला, तरी त्या एका शब्दासाठी जीव अडकून आहे, आणि याचा मला माझाच राग येतो.

मुलगा सुटीवर आला होता. कुठल्याशा हॉटेलात खाल्लेलं क्रेम कॅरमेल, म्हणजे फ्रेंचांचं पुडिंग, त्याला घरी हवं होतं. दूध, साखर, अंडी. त्यात काय मोठंसं, असं वाटलं मला. नंतर फ्रेंचांच्या नावाने किती बोटं मोडली ते मलाच ठाऊक.

आधी साखर कोरडीच वितळवायची आणि तांबूस झाली की उतरवायची. व्हरांड्यातल्या वाऱ्याने ज्योत कधी दबायची, कधी भडकायची. पहिली साखर काळी पडली, दुसरीचे खडे झाले. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून, नाकाला पदर लावून बसल्याच होत्या.

"काहून गं, काय जाळून राहिली?"

"साखर, आई."

"आता साखरही जमत नाही काय?"

तिसऱ्यांदा जमली. ती डब्यात ओतली, वर दूध-अंड्यांचं मिश्रण ओतलं आणि डबा उकळत्या पाण्यात ठेवला. आच जास्त झाली असावी, कारण डबा पालथा केला तर आतून नुसती जाळी. ढोकळा म्हणून सहज खपला असता. मुलाने फोनमधून मान वर केली. "मम्मी, छोड़ो ना, ऑर्डर कर देते हैं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासूबाई कंटाळून आत पडायला गेल्या होत्या; मी त्याला आणखी अंडी आणायला पिटाळलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी वाऱ्याला आडवी परात धरून शेगडीपाशी उभीच राहिले. व्हॅनिला नव्हता, तर हाताच्या सवयीने वेलदोडा आणि जायफळ पडलं. पडल्यावर कळलं की हे फ्रेंच राहिलं नाही. पण आता कोण थांबतंय! नीट जमलेला तो डबा गार व्हायला फ्रिजमध्ये ठेवला. फ्रिजबद्दल घरात नियम कधी ठरलाच नव्हता.

कंबर मोडली होती म्हणून जरा आडवी झाले. उठून स्वयंपाकघरात आले तर सासूबाई टेबलाशी बसलेल्या, पुढ्यात तो डबा उघडा आणि हातात वाटी. ताक शोधायला फ्रिज उघडला आणि त्यांना हे सापडलं.

"खरवस केला, अन् मला सांगितलं नाही?" त्या म्हणाल्या. "खाली गूळ घातला काय? छान झालाय."

मी चौकटीला धरून उभी राहिले. छान! सणावाराच्या पुरणपोळ्यांना नाही, पहाटे उठून केलेल्या दिवाळीच्या फराळाला नाही, आणि आज या व्हरांड्यातल्या अंड्यांना छान! रडावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना. गवळी चीक द्यायचा बंद झाल्यापासून आमच्याकडे खरवस झालाच नव्हता, त्यामुळे त्या मिटक्या मारत खात होत्या. गप्प बसले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं? जन्मात एकदा मिळालेला शब्द माझ्याकडे राहिला असता.

"देवाला दाखवला नाही ना अजून?" त्यांनी विचारलं. "नैवेद्याची वाटी दे इकडे."

संपलं. नशिबाला चार शिव्या घातल्या आणि म्हटलं, "आई, देवाला नको. त्यात अंडी आहेत."

चमचा थांबला. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग उठल्या आणि बेसिनपाशी जाऊन कितीतरी वेळ चुळा भरत राहिल्या. आता घर डोक्यावर घेणार, म्हणून मी माफीची वाक्यं जुळवत होते.

पदराने तोंड पुसत त्या परत आल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट एखादं कोडं सुटल्यासारख्या दिसत होत्या.

"तरीच," त्या म्हणाल्या, "मी मघापासून विचार करून राहिली होती, तुझ्या हाताला एवढी चव आली कुठून."