खोलीचं बाळंतपण

आमच्या पेणच्या घरातल्या मागच्या खोलीला बुरशी लागली ती माझ्यामुळे. डोलवीला कंपनीत रात्रपाळी असली की मी सकाळी येऊन तिथे झोपतो, आणि भिंतीत वर असलेल्या झरोक्यातून ऊन नेमकं डोळ्यांवर यायचं. एका वर्षी विसर्जनानंतर मखराचा थर्माकोल उरला होता. तो कापून मी झरोक्यात घट्ट बसवला. अंधार झाला. झोप इतकी छान लागली की मला माझंच कौतुक वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात ओले कपडे त्याच खोलीत दोरीवर, दार लावलेलं आणि कपाट भिंतीला चिकटवलेलं. कपाटामागून आधी कुबट वास आला, मग काळे ठिपके. बायको म्हणाली, "बघा ओ जरा." मी बघितलं आणि ठिपक्यांवर रंग मारला. झालं काम, असं तिला सांगितलं. झालं नव्हतं, हे ब्रश हातात असतानाच मला ठाऊक होतं. वर्षभराने ठिपके रंगातून वर आले, पहिल्यापेक्षा जोमाने. मी पुन्हा रंग मारला.

त्याच पावसात मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी रोह्याहून माहेरी यायची होती. तिला लहानपणापासून दम्याचा त्रास. फोनवर विचारायची, "बाबा, माझी खोली तयार हाय ना?" मी "व्हय" म्हणायचो आणि फोन पटकन बायकोच्या हातात द्यायचो.

तिला पाठवण्याआधी तिच्या सासूबाई एकट्याच खोली बघायला आल्या. हातात सोललेल्या वालांचा डबा. चहाला नको म्हणाल्या, थेट कपाटामागे हात घातला आणि बोटं नाकाशी नेली.

"व्याही, रंग कधी मारलात?"

"गेल्या आठवड्यात."

"भिंतीला दाढी आलेय. वरून पावडर लावून भागायचं नाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "राग मानू नका. पण इथे तिला श्वास कसा घेता येईल? बाळंतपण रोह्यालाच करू."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मला तिथे उभं राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. थर्माकोल, कपाट, दोनदा मारलेला रंग, फोनवरचं "व्हय".

विहीणबाईंनी वर झरोक्याकडे पाहिलं. "म्हणजे इतके दिवस तुम्ही मखरात झोपत होतात म्हणा."

"आणि मी नैवेद्य वाढत होते," बायको म्हणाली. दोघी खाटेवर बसून पोट धरून हसल्या. मी उभाच.

डोळे पुसून बायको म्हणाली, "विहीणबाय, आठ दिवस द्या. आधी या खोलीचं बाळंतपण करू, मग लेकीचं."

"आठ दिवसांनी येते. भिंत ओली लागली तर सून रोह्यालाच."

मी स्टुलावर चढून थर्माकोल ओढून काढला. कपडे पडवीत गेले, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आलं. नाकाला रुमाल बांधला आणि काळं उडून घरभर होऊ नये म्हणून भिंत ओली करून रंग खरवडला. मग साबणाच्या पाण्याने घासलं, पुसलं. रात्रपाळीहून येऊन झोपायच्या ऐवजी मी हेच करायचो, आणि कित्येक वर्षांत इतका आनंदात नव्हतो. बायको घराची दारं-खिडक्या सताड उघडून खोलीत मधोमध शेगडी ठेवायची, बाळंतिणीला देतात तसा भिंतीला शेक. निखाऱ्यावर चिमूटभर ओवाही टाकायची. मी म्हटलं, "भिंतीला ओवा कशाला?"

"तुम्ही गप्प रहा. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांचं काय काम?"

भिंत वाळल्यावर चुन्याचे हात दिले. झरोक्याला डासांची जाळी बसवली.

ठरल्या दिवशी विहीणबाई आल्या. दोन्ही तळवे भिंतीवर ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी माझ्या लग्नातही इतका घाबरलो नव्हतो. मग त्यांनी तिथूनच सुनेला फोन लावला. "भर गो तुझी बॅग. भिंत कोरडी हाय."

आता नात दोन महिन्यांची आहे. सकाळी झरोक्यातलं ऊन तिच्या पायांवर येतं आणि ती ते लाथांनी उडवते. मी बाहेरच्या खोलीत डोळ्यांवर पंचा टाकून झोपतो. झोप तितकीशी लागत नाही. आतून तिचं हुंकारणं ऐकू येतं, मग लागली नाही तरी चालतं.

विहीणबाई दर रविवारी येतात. पायावर पाणी घेतात, आत जातात, आधी कपाटामागे हात घालतात, मग नातीला उचलतात. परवा बायको म्हणाली, "अजून भरवसा नाय वाटतं आमच्यावर?"

"तुमच्यावर हाय, भिंतीवर नाय," त्या म्हणाल्या, आणि नातीला माझ्या मांडीवर ठेवलं.