सरपंचाच्या गळ्यातला दोरा

गुणाजी कोळ्याच्या बोटांना डोळे आहेत, असं मोठागावच्या खाडीकाठी म्हणतात. खाडीत मासे फारसे उरले नाहीत, पण जाळी फाटतातच. ती गुणाजी ओट्यावर बसून, दुसरीकडेच बघत, भोकं चाचपून शिवतो. शेजारी त्याचा कुत्रा, सरपंच. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाबद्दल त्याची काहीतरी हरकत असे, म्हणून हे नाव.

सोमवारी सरपंचाचं भुंकणं घोगरं झालं. घरात कोणी तक्रार केली नाही. मंगळवारी मागचे पाय लटपटले, बुधवारी तो ते फरफटत ओट्यापर्यंत आला. "निवडणूक हरल्यासारखा बसलाय रे तुझा सरपंच," शेजारचा काळुराम म्हणाला आणि वाताचं निदान करून स्वतःच्या गुडघ्याचं तेल देऊन गेला. गुणाजीच्या बायकोने, आवडाबाईने, दृष्ट काढली. मिरच्या जळाल्या, ठसका कोणालाच लागला नाही. म्हणजे नजर जबर. गळ्यात एक काळा दोरा होताच, त्यावर तिने दुसरा बांधला. गुणाजीने कुत्रा नाकापासून शेपटीपर्यंत चाचपला. दोऱ्याखाली बोट घातलं नाही. बांधलेला दोरा हलवायचा नसतो.

गुरुवारी पुढचे पायही गेले आणि श्वास उथळ झाला, तेव्हा त्याने रिक्षा केली. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर योगिनींनी कान पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, मग कात्री घेतली.

"थांबा," गुणाजी म्हणाला, "घरी विचारतो."

फोनवर आवडाबाईने आधी श्वास चालू आहे ना ते विचारलं. मग म्हणाली, "काप. पण तू नको कापू. त्यांना सांग."

दोऱ्याखाली गोचीड होती, वाटाण्याएवढी फुगलेली. डॉक्टरांनी ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली. रक्त पिता पिता ती विष सोडते, त्या सांगत होत्या. आधी आवाज आणि मागचे पाय, शेवटी श्वास. गोचीड निघाली की बरीच कुत्री एक-दोन दिवसांत उठतात.

"आणि हा?"

"सोमवारी आणायला हवा होता, काका. आता वाट बघायची."

नाकाशी प्राणवायूची नळी लागली. डोळे असलेल्या बोटांना आता एकच काम उरलं होतं, बरगड्या वर येतात का ते बघण्याचं. येत होत्या, सावकाश.

दार उघडून एक अनोळखी माणूस आत आला. सरपंचाने हरकत घेतली नाही.

गुणाजीने त्या माणसाला पुन्हा एकदा बाहेर जाऊन आत यायची विनंती केली.