सानिकाची कंबर आणि माझा पाय

“ही उसण नाही. मणक्याचं हाड चिरलंय.”

डॉक्टरबाई असं म्हणाल्या तेव्हा मला आधी त्यांचाच राग आला. तेरा वर्षांची माझी पोर, कुठे पडली नाही की आपटली नाही, दोन जिने चढून स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आली, आणि ह्या बाई म्हणतात हाड चिरलंय! मी म्हटलंसुद्धा, “अहो, नीट बघा ना, दुसऱ्या कुणाची फिल्म असेल.”

त्या चिडल्या नाहीत. एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून त्यांनी पेनाचं टोक ठेवलं. “याला स्पॉन्डिलोलायसिस म्हणतात.” मला ते धड उच्चारताही येईना, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. कमरेच्या मणक्याला मागच्या बाजूने, डावीकडे आणि उजवीकडे, हाडाचा एकेक बारीक दुवा असतो. वाढत्या वयात तो अजून कच्चा असतो. रोज तेच ते मागे वाकणं, गर्रकन वळणं, जोरात लाथ मारणं चाललं की तो हळूहळू तडकतो. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे हेच. हाड एका दणक्यात मोडत नाही, ताण खाऊन खाऊन चिरतं. सानिकाचे दोन्ही दुवे गेले होते. उजवी चीर ताजी होती, डावी जुनी.

“किती दिवस दुखतंय?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“अधूनमधून उसण भरते, या वेळी झाला असेल आठवडा,” मी म्हणाले.

“दीड महिना,” सानिका म्हणाली. जमिनीकडे बघत.

मग तिने तिचा एकच प्रश्न विचारला. “मी परत खेळणार ना?”

“तीन महिने बॉलला पाय लावायचा नाही. मग परत एमआरआय काढू. उजवी बाजू जुळली तर खेळशील. नाही जुळली आणि मणका पुढे सरकायला लागला, तर फुटबॉलचा विचार सोडावा लागेल.”

रिक्षात ती बाहेर बघत बसली. मला मात्र माझा पाय आठवत होता, आणि तो का, ते आता सांगते. लाज वाटते, पण मुलाला फुटबॉलला घालण्याच्या विचारात असलेल्या आईबापांनी ऐकावं म्हणून सांगते.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे कुणाची उसण भरली, कंबर धरली, की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. लाथ म्हणतात, पण खरं तर माणसाला पालथं झोपवून डावा पाय तीनदा हलकेच टेकवायचा. मी बँकेत काम करते, कॉम्प्युटरवर बसते, तरी रविवारी आमच्या पनवेलच्या बिल्डिंगमध्ये माझ्या दाराशी कुणी ना कुणी कंबर धरून उभं असतंच. बाजारात मासळी विकणाऱ्या भानूताई तर डॉक्टरकडे जातच नाहीत. “वैनी, तुमचा पाय लागला का दुसरं काय नाय लागत,” असं सगळ्यांना सांगत फिरतात. मला ते आवडायचं. कोणाला नाही आवडणार?

सानिका दोरीवर कपडे टाकताना मागे वाकली की “आई गं” करायची. पुढे वाकताना काही नाही, मागे वाकतानाच. मी म्हटलं, उसण भरली. सतरंजी घातली, तिला पालथी झोपवली आणि लावला पाय. “बरं वाटलं ना?” “हो.” पाच आठवड्यांत चार वेळा हे झालं. चारही वेळा ती “हो” म्हणाली आणि बूट घालून पळाली. त्यानंतरही ती “आई गं” करायला लागली तेव्हा कुठे मी दवाखाना गाठला.

पळायची तरी किती! शाळेची टीम, आठवड्यातून तीनदा ओवे गावाच्या बाजूला अकादमी, आणि रविवारी बाबांच्या स्कूटरवरून कळंबोलीच्या टर्फवर मॅच. हे हौसेने न्यायचे, मी हौसेने डबा भरायचे. आठवड्यात एकही दिवस मोकळा नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उलट मी ऑफिसात ऐटीत सांगायचे, आमची सानिका एक दिवस खाडा करत नाही म्हणून. त्या वर्षी तिची उंची भसाभस वाढली होती, फ्रॉक सगळे तोकडे झाले होते. वाढ जोरात असते तेव्हाच हाडं जपायची असतात, हे मला डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं.

तिला ब्रेस बसला. ब्रेस म्हणजे छातीपासून कमरेपर्यंतचं कडक प्लास्टिकचं कवच, पाठ मागे वाकू नये म्हणून. शाळेत ती डब्यात कोंबल्यासारखी बसायची. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी. तिथे पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम करून घेत. बाहेरच्या बाकावर माझ्यासारख्याच आया बसलेल्या असत. एकीचा मुलगा फास्ट बॉलर, त्याचं दुखणं हेच. तीही दोन महिने बाम चोळत बसली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, आणि मग दोघींनाही हसू आवरेना, आणि मग रडू.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे संध्याकाळचे पाच. खालून तिच्या मैत्रिणी सायकलींवरून ग्राउंडवर निघायच्या. सानिका गॅलरीत जाऊन उभी राहायची, त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत. मग आत येऊन स्वतःची पाण्याची बाटली भरायची आणि फ्रिजमध्ये ठेवून द्यायची. पूर्वी मी त्या बुटांच्या वासावरून, दारातल्या मातीवरून, हॉलच्या भिंतीवर धपाधप बॉल मारण्यावरून घर डोक्यावर घ्यायचे. आता घर इतकं स्वच्छ राहायला लागलं की मला लादी पुसताना रडू यायचं. परत घाण कर गं बाई हे घर, असं वाटायचं. कधीकधी ऑफिसातून येताना ग्राउंडवरून लांबच्या रस्त्याने यायचे. मुली खेळताना बघायचे आणि त्यांच्यात उगाच तिची वेणी शोधायचे.

एका दुपारी माझा तोल गेला. “अगं, दीड महिना सारखं दुखत होतं तर तोंड शिवलं होतं का तुझं?”

ती शांतपणे म्हणाली, “अकादमीचे सर म्हणतात, जी बसते तिची जागा जाते.” मग म्हणाली, “आणि तू पाय लावल्यावर मी नाही बरं वाटलं म्हणाले असते, तर तुला कसं वाटलं असतं? सगळे तुझ्याकडे येतात ना, आई.”

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. माझं मन राखायला माझी पोर मोडक्या हाडाने धावत होती. मी विचारायचेच असं, “बरं वाटलं ना?” त्यात “नाही” म्हणायला जागाच ठेवली नव्हती मी.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “तुमच्या पायाने हाड मोडलं नाही. पण पाच आठवडे गेले. पहिल्याच आठवड्यात आला असतात, तर उजवी बाजू कदाचित चिरलीच नसती.” त्यांनी मला धीर द्यायला खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

म्हणून बायांनो, बाबांनो, एवढं ऐका. मुलाला जरूर घाला फुटबॉलला, माझा खेळावर राग नाही. पण घालण्याआधी सरांना विचारा, आठवड्यात सुट्टी किती, आणि दुखतं म्हणणाऱ्या मुलाचं तुम्ही काय करता. खेळणाऱ्या मुलाची कंबर दोन आठवडे दुखत राहिली, मागे वाकताना कळ आली, तर चोळणं, शेकणं, पाय लावणं सगळं बाजूला ठेवून हाडाच्या डॉक्टरकडे जा. पायाला मुंग्या आल्या, ताकद कमी वाटली, लघवीला त्रास झाला, तर त्याच दिवशी जा.

तीन महिन्यांनी परत एमआरआय झाला. रिपोर्टची वाट बघताना सानिकाने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. उजवी बाजू जुळली होती. डावी जुळली नव्हती, आता बहुतेक जुळणारही नाही. पण मणका जागचा हललेला नव्हता. “खेळू दे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सुरुवातीला थोडा थोडा वेळ, आठवड्याला तीनच दिवस. आणि दुखलं की त्या क्षणी बाहेर. हे फक्त तिलाच कळणार, तुम्हाला नाही.”

आणखी दीड महिन्याच्या व्यायामानंतर तिची पहिली मॅच झाली. अकादमीच्याच दोन टीम, साधीच मॅच. मी रेषेबाहेर उभी. ती धावली तेव्हा माझी नजर तिच्या कमरेवरून हटलीच नाही. उत्तरार्धात बॉल तिच्याकडे आला, समोर मोकळी जागा होती, आणि तिने तो बाजूच्या मुलीला देऊन टाकला. हात वर केला. सरांकडे चालत गेली, काहीतरी बोलली, आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या जागी दुसरी मुलगी आत गेली.

“डावीकडे दुखतंय,” ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे.

स्नायू आखडला होता, हाडाला काही झालं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा काहीच माहीत नव्हतं. तरी मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, “शाबास गं माझी बाय.” भीती होतीच, आणि तरीही इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

“जाऊ या घरी?”

“नाही,” ती म्हणाली, नजर बॉलवरून न काढता. “संपेपर्यंत थांबू.”

मग आम्ही थांबलो.