हळदीकुंकवाचा कळप

लेक नोकरीसाठी बाहेरगावी गेली आणि तिचा कॉर्गी कुत्रा जुन्या जालन्यात माझ्याकडे राहिला. ही जात मूळची गुरं हाकणारी. पाय आखूड, अंग लांब, केस दाट आणि स्वभाव मुकादमाचा. मी लगेच शिस्त लावली: रोज ब्रश, मोजून खाणं, उन्हाळ्याच्या दुपारी कूलर, जिना मात्र उचलूनच उतरवायचा, नाहीतर पाठ धरते.

सासूबाई आष्टीकडच्या, मेंढ्यांमागची धिप्पाड कुत्री पाहिलेल्या. याला बघून म्हणाल्या, "हा राखणार व्हय मेंढ्या? मेंढीच राखंल ह्याला!"

खोड एकच. कुणी चालू लागलं की हा मागून टाच धरायचा. गुरं अशीच हाकतात ना. सासूबाईंनी शेवटी निकाल दिला. "संक्रांतीला हळदीकुंकवाला बायका येतील. एकीच्या जरी टाचेला तोंड लावलं, तर हा आष्टीला, शेतावर. मंग मला बोलू नको."

शेतावर एवढ्या केसांनिशी तो उन्हात काय करणार? शिवाय संध्याकाळी तो दारात नसता, तर मला घरी आल्यासारखं वाटलं नसतं.

मी कामाला लागले. हातात भाकरीचा तुकडा. "सोड" म्हटल्यावर टाच सुटली की तुकडा मिळणार. ओरडायचं नाही, त्याला तो खेळ वाटतो. सरावासाठी नवऱ्याला हॉलभर फिरवलं.

"मी काय मेंढी हाये का?"

"आज आहात. जरा जल्दी चाला."

हळदीकुंकवाच्या दिवशी त्याला आतल्या खोलीत कोंडलं. कुणीतरी चुकून दार उघडलं. बायकांची नेहमीची घाई: कुंकू, तिळगूळ, वाण, की निघाल्या पुढच्या घरी. हा उंबऱ्यात आडवा. निघालेल्या शेजारणीला भुंकत वळसा घातला आणि थेट सतरंजीवर परत आणलं. मागोमाग आणखी दोघींना. मी "सोड, सोड" ओरडतेय. पण त्यानं धरलं होतं कुठं? टाचांपासून तोंड बराबर वीतभर लांब.

"काकू, जाऊ द्या की आम्हाला!"

"मी कुठं अडवलं?" मी म्हणाले. " बसा आता. चहा होऊन राह्यला."

दरवर्षी 'कुणी घडीभर बसत न्हाई' म्हणून कुरकुरणाऱ्या सासूबाई मधोमध बसल्या होत्या. चहा झाला, उखाणे झाले, जुन्या गप्पा निघाल्या.

सगळ्या गेल्यावर मी मुद्दाम विचारलं, "मग, आष्टीला कधी पाठवायचा?"

"आन् पुढच्या वर्षी बायकांना कोण बसवून ठेवणार? तू?" म्हणत त्यांनी त्याच्यापुढे तूप लावलेली अख्खी भाकरी ठेवली.

मोजून खाण्याचा विषय मी त्या दिवशी काढला नाही.