हीटरची तार

काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला निघाले आणि जाताना गॅरेजची किल्ली माझ्या हातात दिली.

"तीन दिवसाचा त सवाल हाय. तू कावून इतका घाबरून राहिला?"

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. माझं गाव गडचिरोलीच्या पार खालच्या टोकाला, छत्तीसगडातल्या भिलाईत माझं म्हणावं असं कोणी नव्हतं. भिलाईच्याच कोहका वस्तीतल्या या गॅरेजात काकांनी मला काम दिलं, मागची खोली दिली आणि अकरा वर्षांत माझ्या शाळेचा विषय एकदाही काढला नाही. ते मूळचे भंडाऱ्याकडचे, इथल्या पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांनी हे गॅरेज टाकलं. अशा माणसाची किल्ली खिशात असली की हात सारखा खिशाकडे जातो.

काका गेले त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी आमच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक मॅडम त्यांची जुनी डिझेल फोर बाय फोर सोडून गेल्या होत्या. त्या बस्तरकडच्या एका शाळेत शिकवतात, गाडी वडिलांच्या वेळची. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बदलायचं काम काकांनीच आधी कबूल केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची किल्ली द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भैया, एक बजे निकलना है. अम्मा साथ में हैं. केशकाल घाट में गरम तो नहीं होगी न?"

"नहीं होगी," मी बोलून बसलो.

आमच्या गॅरेजात एक पद्धत आहे. निघालेलं जुनं कूलंट एका पांढऱ्या डब्यात धरायचं आणि डब्यावर रेघ मारायची. तसल्याच दुसऱ्या डब्यात, तितक्याच रेघेपर्यंत नवं भरून घ्यायचं. काका म्हणतात, "जितकं निघालं तितकं गेलं पायजे. कमी गेलं त समज, आत हवा बसली." डब्यावरचं इंग्रजी मला धड वाचता येत नाही, पण रेघ वाचता येते.

इंजिन रात्रभर थंड झालं होतं. रेडिएटरचं झाकण काढलं, खालची तोटी सोडली, मग इंजिनाच्या कुशीतला बोल्ट. हिरव्यात गंज मिसळलेलं पाणी आलं. त्याला गोडसर वास असतो आणि विष असूनही गल्लीतली कुत्री तोंड घालायला येतात, म्हणून रेघ मारली आणि डब्यावर फळी ठेवली. साधं पाणी स्वच्छ येईपर्यंत आतून फिरवलं आणि काढून टाकलं. बोल्ट आवळला, तोटी बंद केली आणि नवं ओतायला घेतलं.

रेडिएटर गळ्यापर्यंत भरला आणि डब्यात अजून लिटरभर शिल्लक होतं.

पाइप दाबून पाहिले. थांबलो. झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू केलं. थोड्या वेळानं तापमानाचा काटा अर्ध्यावर आला आणि तिथं न थांबता वर निघाला. वरचा पाइप हात लावू देईना, खालचा थंडगार, म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. मी इंजिन बंद केलं. सव्वानऊ झाले होते. केशकालच्या वळणावर वाफ सोडत उभी गाडी आणि शेजारच्या सीटवर बसलेली म्हातारी माझ्या डोळ्यासमोरून हलेना. तापून इंजिनाचं हेड वाकलं, इंजिनच बसलं तर मॅडम मला काही म्हणणार नाहीत, काकांना म्हणतील.

कालच ऑपरेशन झालेल्या माणसाला फोन करायचा कसा? तीनदा नंबर काढला, तीनदा बंद केला. शेवटी लावला. सोबत गेलेल्या काकूंनी उचलला.

"काकू, काकांना त्रास द्यायचा नव्हता, पण..."

"त्यायले कायचा तरास? सकाळपासून मलेच इचारून राहिले, त्याचा फोन कावून नाही आला मनून. घे, बोल."

मी सगळं सांगितलं. काकांनी एकच विचारलं, "हीटर चालू केला का?"

"हीटर? या उन्हात, काका?"

"अबे, तुह्या पायाले नाही, इंजिनाले पायजे. हीटरमदूनबी तेच पाणी फिरते. तो बंद असला त हवा तेथीच अडकून बसते. सांगतलं होतं तुले."

सांगितलं होतं, खरं. पण भिलाईत अकरा वर्षांत कोणाला हीटर लावताना मी पाहिलं नव्हतं. डॅशबोर्डपाशी वाकलो. हीटरचा दांडा थंडच्या टोकाला तांब्याच्या तारेनं घट्ट बांधलेला होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी मॅडम म्हणाल्या होत्या, दांडा आपोआप सरकतो आणि पायावर गरम हवा येते. तेव्हा बांधलेली गाठ. मी ती ओळखली.

"बांधून हाय, काका. तारेनं."

"कोणं बांधला?"

तिकडून काकांना काही दिसणार नव्हतं. नाव कोणाचंही घेता आलं असतं.

"मीच."

वॉर्डातली ट्रॉली खडखडत गेलेली ऐकू आली. "बरं झालं," ते म्हणाले. "दुसऱ्यानं बांधला असता त गाठ सोडाले टाइम लागला असता." मागून काकू हसल्या.

तार सोडली, दांडा पार गरमच्या टोकाला नेला, इंजिन निवल्यावर पुन्हा चालू केलं. आधी बारीक बुडबुडे आले. मग आत कोणीतरी मोठा घोट गिळावा तसा आवाज झाला आणि पाणी एकदम खाली गेलं. मी ओतत राहिलो. डबा रिकामा झाला. झाकण लावून, हीटर चालू ठेवूनच सिविक सेंटरपर्यंत फेरी मारली. शर्ट पाठीला चिकटला, सिग्नलवर शेजारचा ऑटोवाला माझ्याकडे टक लावून पाहत होता. काटा मधोमध राहिला. परत येऊन गाडी निवू दिली, झाकण काढून पाहिलं. गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

मॅडमना मी खरं ते सांगितलं, तार का काढली तेही. घाट चढल्यावर काटा बघून मला कळवायलाही सांगितलं. एक वाजता अम्मांना शेजारी बसवून त्या गेल्या. मी जेवणाचा डबा उघडला आणि न खाताच पुन्हा बंद केला.

ऊन उतरताना त्यांचा आवाज मोबाइलवर आला. "भैया, घाट चढ़ गए. काँटा बीच में ही है. अम्मा पूछ रही हैं, आपने कुछ खाया कि नहीं. कह रही थीं, लड़का बहुत डरा हुआ था."

मला वाटलं होतं, चेहऱ्यावर काही दिसलं नसेल.

काकांना लगेच फोन केला. "चढली, काका."

"चढणारच होती. रेघ जुळली होती न?"

"जुळली होती."

"मंग आता भात टाक अन् जेव."

हो म्हणालो. तरी आधी गाडी उभी होती तिथं गेलो, काही गळलं तर नाही ना, म्हणून फरशीवर हात फिरवून पाहिला. कोरडी होती. मग भात टाकला.