फ्रिजवरचा कागद

दोनदा पार कोलमडून मी पुन्हा उभी राहिले होते. तिसऱ्यांदा कोलमडायची माझ्यात ताकद नव्हती. डिप्रेशन. पहिल्या वेळी तीन महिने अंथरुणातून उठले नाही, दुसऱ्या वेळी शाळेतली नोकरी जाता जाता वाचली. डॉक्टर म्हणाले, "औषधं आपल्या मनानं बंद करायची नाहीत. आणि आठ शनिवारांचा एक वर्ग आहे. दुखणं परत येऊ लागलं की चाहूल कशी ओळखायची, ते शिकवतात." मी म्हटलं, "डोळे मिटून गप्प बसायचं असेल तर मला वगळा. माझं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं." ते हसले आणि माझं नाव घातलं.

पहिल्याच शनिवारी माझी शोभा झाली. सतरंजीवर आम्ही दहाजण. लक्ष देऊन खायच्या सरावाला बाकीकडे म्हणे मनुका देतात. आमच्या बाईंनी वसईचा मान ठेवून प्रत्येकाच्या तळहातावर सुकेळ्याचा तुकडा ठेवला. बघा, वास घ्या, सावकाश खा, चांगलं-वाईट ठरवू नका, म्हणाल्या. आता सुकेळी आमच्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या होतात. पिकलेली राजेळी केळी सोलायची, दिवसभर उन्हात वाळवायची, संध्याकाळी झाकायची, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षं सासूबाईंच्या हाताखाली मी हेच केलंय. तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे न उघडताच बोलून गेले, "ऊन कमी पडलंय याला. कुठून आणलंत?" सगळा वर्ग खो खो हसला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मन किती पटकन निकाल देतं, दिसलं ना? आजचं काम झालं."

घरी सांगितलं तर सासूबाई पोट धरून हसल्या. "गप्प बसून खायला वर्ग लागतो होय गं? बावीस वर्षं तेच तर सांगतेय तुला!" पण दुसऱ्या दिवसापासून मी ओट्यावर श्वास न्याहाळत बसले की त्या मांजरालाही दटावायच्या, "शू! ती बसलीय."

सहाव्या शनिवारी प्रत्येकानं आपापली लक्षणं लिहायची होती, दुखणं येण्याआधी आपल्यात काय काय बदलतं ते. मी लिहिलं: पहाटे तीनला जाग येते, फोन उचलवत नाही, वेणी घालायचा कंटाळा येतो. मग कागद घरी नेऊन घरच्यांकडून त्यात भर घालून घ्यायची होती. नवऱ्यानं लिहिलं, "आमटी अळणी होते." मी म्हटलं, ती एरवीही होते, दुसरं सांगा. सासूबाईंनी मात्र पेनाला हात लावला नाही. "असलं लिहून ठेवू नये गं. नाव घेतलं की येतं ते." आमच्या घरात त्या दुखण्याचं नाव कधी घेतलंच गेलं नव्हतं, दोन्ही वेळा नातेवाइकांना सांगितलं, तिला अशक्तपणा आलाय. माझं डोकं सणकलं. मी तो कागद फ्रिजवरच चिकटवला. सासूबाई पुढे कित्येक दिवस तिकडे न बघता दूध काढायच्या.

वर्ग संपला, थंडी पडली, सुकेळ्यांचं काम सुरू झालं. एका दुपारी आम्ही दोघी वाळवणाशी बसलो होतो. त्यांनी एक सुकेळं माझ्या हातात दिलं. "कसं झालंय?"

"बरं आहे."

त्यांनी दुसरं दिलं. मी खाल्लं. "हेही बरं आहे."

त्यांचे हात थांबले. दुसरं कालच वाळत घातलेलं, आतून ओलं होतं. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "येतंय का गं ते?"

काही नाही, दमलेय, असं नेहमीचं तोंडावर आलं होतं. पण शिकवलं होतं तशी मिनिटभर थांबले, आत काय चाललंय ते पाहिलं. छाती जड होती. चार दिवसांपासून होती, मीच कानाडोळा करत होते.

"हो आई. येतंय."

त्या उठल्या, चिकट हात धुतले, माझा फोन आणून दिला. "लाव डॉक्टरांना. माझ्यासमोर लाव." दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली. मग त्या माझ्या शेजारी बसल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, "मागच्या दोन्ही वेळी मला आधीच कळलं होतं. दुसऱ्या वेळी तर चांगलं पंधरा दिवस आधी. बोलले नाही गं. बोलले तर खरं होईल, याची भीती."

पंधरा दिवस! अशी काही तळपायाची आग मस्तकात गेली. पण मग लक्षात आलं, इतकी वर्षं ही बाई एकटी घाबरून राहिली होती, माझ्यासाठी. मी त्यांना जवळ घेतलं. "पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी विचारायचं, आई."

"विचारीन. तू खरं सांगशील?"

"सांगेन."

त्या खेपेला ते आलं, महिनाभर राहिलं, पण मी शाळेत जात राहिले. त्यानंतर सासूबाईंनी मला दोनदा विचारलंय. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले, आणि खरंच नव्हतं. दोन्ही वेळा त्या "बरं" म्हणून स्वयंपाकघरात गेल्या आणि सुटल्यासारख्या पदरात तोंड खुपसून रडल्या.