कानाखालच्या गाठी

लाळग्रंथीच्या गाठी तशा दुर्मिळच. पण नगरला एवढी वर्षं कान-नाक-घशाची प्रॅक्टिस केल्यावर माझ्याकडे गाठी कमी आणि किस्सेच जास्त साठलेत!

पारनेरच्या एका काकांच्या कानाखाली बोराएवढी गाठ. मी म्हटलं, "कदाचित फार दुर्मिळ प्रकार असेल. सुईने तपासू." रिपोर्ट आला. मी खुशीत सांगितलं, "काका, साधीच गाठ निघाली!"

काकांचा चेहरा पडला. "साधी? आन् मी अख्ख्या गावाला सांगून बसलोय, तालुक्यात फकस्त मलाच हाय म्हणून!"

*

एका आजींची लाळेची नळी तपासायची होती. तोंडाला पाणी सुटावं म्हणून आम्ही लिंबाची फोड देतो. आजींनी ती शांतपणे चोखली. तोंड कोरडंच! बघणाऱ्या सिस्टरच्या आणि माझ्या तोंडाला मात्र पाणी.

आजी म्हणाल्या, "जरा मीठ लावलं असतं तर काय बिघडलं हुतं?"

*

चेहरा हलवणारी नस कानाखालच्या ग्रंथीतूनच जाते. म्हणून ऑपरेशननंतर आम्ही पेशंटला डोळे मिटायला, शीळ घालायला लावतो. एक रिटायर्ड मास्तर काही केल्या तयार होईनात. "अहो, शीळ घालणाऱ्यांना मी जन्मभर बाकावर उभं केलंय!"

शेवटी हळूच घातली. शेजारच्या कॉटवर त्यांचाच जुना, टक्कल पडलेला विद्यार्थी होता. तो ताडकन उठून बसला. "सर, बाकावर!"

*

खर्ड्याचा एक वायरमन ऑपरेशननंतर काही महिन्यांनी परत आला. जेवायला बसला की गालावरून घामाच्या धारा! मी समजावलं, "होतं असं कधीकधी. लाळेच्या बारीक नसा पुन्हा वाढताना चुकून घामाच्या ग्रंथींना जुळतात."

तो म्हणाला, "साहेब, आमी असं कनेक्शन दिलं तर सस्पेंड करत्यात!"

*

पण श्रीगोंद्याच्या त्या जोडप्याला तोड नाही. नवऱ्याची गाठ कॅन्सरची, नसेला अगदी खेटलेली. बायको रोज एकच विचारायची, "तोंड वाकडं तर व्हनार न्हाई ना?" मी शब्द देऊ शकत नव्हतो. ऑपरेशनला पाच तास लागले. गाठ पूर्ण निघाली, नसही वाचली असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी म्हणालो, "जरा हसा बघू."

चेहरा ढिम्म.

"थोडंसं?"

काही नाही. मी टॉर्च काढून त्यांचा गाल तपासायला वाकलो.

"अवो डॉक्टर," बायको म्हणाली, "हे लग्नाच्या फोटोत बी हसले न्हाईत. थांबा जरा."

ती वाकली आणि त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली. गृहस्थ खदखदून हसले. दोन्ही गाल, दोन्ही ओठ, सगळं सरळ! माझ्या जिवात जीव आला.

"मावशी, सांगितलंत तरी काय?"

तिने पदर तोंडाला लावला. नवरा टाके सांभाळत म्हणाला, "डॉक्टर, तुमचं लगीन झालंय न्हवं?"